कंपनी बुडाली नाही, पैसे मात्र बुडाले

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे बाबा ब्रिटनमध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) इस्पितळात भूलतज्ज्ञ होते. १९९३ पासून ते दर महिन्याला पगारातून पेन्शनसाठी जास्तीची रक्कम इक्विटेबल लाइफ या विमा सोसायटीत टाकत होते. नोकरीच्या पेन्शन योजनेतूनच ती सोय होती, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. २००१ मध्ये सोसायटीने सगळ्यांच्या रकमा कापल्या. २००२ मध्ये बाबा निवृत्त झाले, जे उरलं त्यातून दुसऱ्या कंपनीकडून पेन्शन घेतलं आणि आईला घेऊन पुण्याला परतले. २०१२ मध्ये ब्रिटिश ट्रेझरीकडून (तिथल्या अर्थखात्याकडून) भरपाई आली, पण सरकारनेच मान्य केलेल्या नुकसानीच्या फक्त २२.४ टक्के. बाबा आता ८४ वर्षांचे आहेत. अजून ती फाइल उघडून बसतात. त्यांचा राग कंपनीवर नाही, सरकारवर आहे. भाऊ लंडनच्या एका वकिलाशी बोलतोय, ‘सरकारला कोर्टात खेचू’ म्हणतो. आई म्हणते, आता पुरे. त्यात मागच्या महिन्यात बाबांना फोन आला की तुमची उरलेली भरपाई मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा. बाबा भरायला निघाले होते, शेजारच्या काकांनी थांबवलं. मी लेस्टरला असते. कोणाचं ऐकू? – एक लेक

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी तो फोन. शेजारच्या काकांचे आभार माना आणि बाबांना स्पष्ट सांगा की उरलेली भरपाई कुणाचीही मंजूर झालेली नाही. ट्रेझरीच्या योजनेत नवे दावे घेणं ३१ डिसेंबर २०१५ ला बंद झालं. योजना चालू असतानासुद्धा पैसे मिळवण्यासाठी कुणाला शुल्क भरावं लागत नव्हतं. फोन करणाऱ्याला ‘इक्विटेबल’ हे नाव ठाऊक होतं म्हणून बाबांचा विश्वास बसला असणार. पण त्या सोसायटीत दहा लाखांहून जास्त लोकांचे पैसे होते, नाव माहीत असण्यात काही विशेष नाही. बँकेचा तपशील सांगितला असेल तर बँकेला आजच कळवा. नसेल सांगितला तर तो नंबर ब्लॉक करा आणि विषय संपवा.

आता बाबांच्या रागाविषयी. तुमच्या पत्रावरून वाटतं की घरात सगळे त्याकडे म्हातारपणाचा हट्ट म्हणून बघताहेत. तसं नाही. त्यांनी राग योग्य ठिकाणी ठेवला आहे, आणि तो का योग्य आहे हे तुम्हाला नीट कळल्याशिवाय पुढे काय करायचं तेही ठरणार नाही. त्यामुळे थोडं मागे जाऊ.

इक्विटेबल लाइफ १७६२ ची. वयाप्रमाणे हप्ता ठरवण्याची पद्धत गणिताच्या पायावर पहिल्यांदा उभी केली ती याच सोसायटीने. भागधारक नाहीत, दलालांना कमिशन नाही, जो काही नफा तो सभासदांचा, अशी तिची ख्याती. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सरकारी नोकर असे सावध लोक तिच्याकडे जायचे ते यामुळेच. तुमचे बाबा जुगार खेळायला गेले नव्हते. बाजारातली सगळ्यात शहाणी समजली जाणारी जागा त्यांनी निवडली होती.

घोटाळ्याचं मूळ मात्र बाबा येण्याच्या कितीतरी आधीचं. १९५७ ते १९८८ या काळात विकलेल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये सोसायटीने हमी दिली होती की निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेचं पेन्शन अमुक दराने देऊच. व्याजदर चढे होते तोवर या हमीकडे कुणी बघितलंही नाही, बाजारात त्याहून चांगला दर मिळत होता. नव्वदच्या दशकात व्याज उतरलं, माणसं जास्त जगू लागली, आणि हमीचा दर बाजारापेक्षा महाग पडायला लागला. यासाठी बाजूला काढून ठेवलेली रक्कम होती का? जवळजवळ नव्हती. दरवर्षी बोनस वाटून टाकायचा, गंगाजळी मोठी ठेवायची नाही, हेच सोसायटीचं धोरण होतं. सुगीत सगळं धान्य वाटून कणगी रिकामी ठेवावी, तसं.

मग १९९३ च्या अखेरीस संचालकांनी युक्ती काढली. जो हमीचा दर मागेल त्याचा शेवटचा, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारा, बोनस कमी करायचा. म्हणजे या हाताने दिलं, त्या हाताने काढून घेतलं. लोक कोर्टात गेले. २० जुलै २००० ला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की असं करता येणार नाही, आणि हमीचा भार फक्त हमीवाल्यांवरही टाकता येणार नाही. बोजा सुमारे दीड अब्ज पौंडांचा होता. तो सगळ्यांवर आला, ज्यांना कसलीच हमी नव्हती अशा तुमच्या बाबांसारख्यांवरसुद्धा. (हा दीड अब्ज वेगळा आणि पुढे सरकारने दिलेला दीड अब्ज वेगळा. वर्तमानपत्रांत दोन्हींची गल्लत होते, बाबांच्या फाइलमध्येही झाली असेल तर तपासा.) सोसायटी विक्रीला काढली, गिऱ्हाईक आलं नाही, ८ डिसेंबर २००० ला नवीन धंदा बंद झाला. १६ जुलै २००१ ला पेन्शन पॉलिसींची किंमत १६ टक्क्यांनी कापली. बाबांच्या रकमेत झालेली कपात ती हीच.

इथवर ऐकलं की कुणीही म्हणेल, दोष कंपनीचा, सरकारचा काय संबंध? ब्रिटिश सरकारही बरीच वर्षं हेच म्हणत होतं. लॉर्ड पेनरोझ यांनी चौकशी केली, मार्च २००४ मध्ये अहवाल आला, आणि त्यांचा मुख्य निष्कर्ष होता की सोसायटीने हे संकट बहुतांशी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं. ट्रेझरीच्या तेव्हाच्या मंत्री रूथ केली यांनी त्याच दिवशी संसदेत भरपाईला नकार दिला. पण त्याच अहवालात नियामकांच्या ढिलाईवर पानंच्या पानं होती. सरकारने एक निष्कर्ष उचलला आणि बाकी पानं मिटून ठेवली.

ती पानं पुन्हा उघडली पार्लमेंटरी ओम्बड्समनने. आपल्याकडे लोकायुक्त असतो तसं हे पद समजा; सरकारी खात्यांच्या गलथान कारभाराने नागरिकाचं नुकसान झालं का, एवढंच त्याने बघायचं. त्या वेळी या पदावर ॲन अब्राहम होत्या. त्यांनी कंपनीने काय केलं हा प्रश्न बाजूला ठेवला आणि विचारलं की जे पगार घेऊन या कंपनीवर नजर ठेवत होते ते काय करत होते? आधी व्यापार व उद्योग खातं, मग ट्रेझरी, मग एफएसए (तेव्हाची वित्तीय नियामक संस्था), आणि या सगळ्यांना सल्ला देणारं सरकारी विमागणिताचं खातं. जुलै २००८ मध्ये त्यांचा अहवाल आला. दहा बाबतींत त्यांना गलथानपणा आढळला.

त्यातल्या काही बाबांना वाचून दाखवा. १९९१ ते १९९७ या काळात सोसायटीचा मुख्य अधिकारी आणि तिचा नियुक्त विमागणिती हे एकच गृहस्थ होते. विमागणितीचं कामच मुळी व्यवस्थापनाला ‘एवढा बोनस परवडणार नाही’ असं सांगायचं. तो स्वतःच स्वतःला काय सांगणार? नियामकांनी हे चालू दिलं. सोसायटी दरवर्षी जी विवरणपत्रं भरत होती त्यांतून जे प्रश्न उभे राहत होते, ते विचारलेच गेले नाहीत. आयर्लंडमधल्या एका कंपनीशी पुनर्विम्याचा, म्हणजे आपली जोखीम दुसऱ्या विमा कंपनीकडे सोपवण्याचा, करार दाखवून ताळेबंद मजबूत दिसेल अशी सोय केली होती. त्या कराराची खरी किंमत तेवढी नव्हती, तरी नियामकांनी ती धरू दिली. लॉर्ड्सचा निकाल आल्यावर सोसायटीला नवे पैसे घेत राहू द्यायचं का, हा निर्णय एफएसएने नीट आधाराशिवाय घेतला. आणि दारं बंद झाल्यावरही सोसायटीच्या आर्थिक स्थितीबद्दल लोकांना दिशाभूल करणारी माहिती दिली.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती विवरणपत्रांची. समजा, बाबांनी १९९३ मध्ये फार काटेकोरपणे सगळे प्रसिद्ध आकडे मागवून वाचले असते, एखाद्या जाणकाराला दाखवले असते, तरी त्यांना सोसायटी भक्कमच दिसली असती, कारण ते आकडे तपासणाऱ्यांनी तपासले नव्हते. ‘मीच नीट चौकशी करायला हवी होती’ हा विचार बाबांच्या मनात असेल तर त्याला उत्तर ओम्बड्समनच्या अहवालात आहे. ते त्यांना सांगा. मला तर वाटतं, रोज फाइल उघडण्यामागे सरकारवरच्या रागाइतकाच हाही प्रश्न असावा. पण हा माझा अंदाज, तुम्ही त्यांना जास्त ओळखता.

अहवाल आला म्हणजे पैसे आले असं झालं नाही. जानेवारी २००९ मध्ये ट्रेझरीच्या तेव्हाच्या मंत्री यव्हेट कूपर यांनी संसदेत सरकारच्या वतीने माफी मागितली, काही निष्कर्ष मानले, काही फेटाळले, आणि ज्यांना फार मोठा फटका बसला अशांनाच काही द्यावं या बेताने सर जॉन चॅडविक या निवृत्त न्यायमूर्तींना नेमलं. ॲन अब्राहम यांनी मे महिन्यात संसदेला वेगळा अहवाल दिला की अन्याय झाला आणि तो दूर झालेला नाही. असा अहवाल त्या पदावरचा माणूस क्वचितच देतो. पॉलिसीधारकांची संघटना, जिला सगळे ईमॅग म्हणतात, उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये पेन्शनच्याच दुसऱ्या एका खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं होतं की ओम्बड्समनचे निष्कर्ष नुसते पटले नाहीत म्हणून मंत्र्याला फेटाळता येत नाहीत, पटण्याजोगं कारण द्यावं लागतं. त्याच आधारावर ऑक्टोबर २००९ मध्ये ईमॅगने काही मुद्द्यांवर सरकारला मागे यायला लावलं, सगळ्या नाही. जुलै २०१० मध्ये चॅडविक यांनी पुढे ठेवलेला आकडा फक्त ४० ते ५० कोटी पौंडांच्या आसपास होता.

मग दीड अब्ज आले कुठून? निवडणुकीतून. २०१० च्या निवडणुकीआधी ईमॅगने मतदारसंघ धरून उमेदवारांकडून लेखी वचनं घेतली की निवडून आलो तर ओम्बड्समनच्या शिफारशीप्रमाणे न्याय्य भरपाईसाठी मत देऊ. शेकडोंनी सह्या केल्या, त्यांतले बरेच निवडून आले. नव्या आघाडी सरकारच्या करारात ते वचन लिहिलं गेलं. ऑक्टोबरमध्ये नवे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जाहीर केलं की सभासदांचं सापेक्ष नुकसान, म्हणजे हेच पैसे दुसऱ्या तशाच कंपनीत ठेवले असते तर जे मिळालं असतं त्याच्या तुलनेत झालेली तूट, ४.३ अब्ज पौंड आहे. आणि लगेच पुढच्या वाक्यात, तिजोरीची अवस्था पाहता देणार दीड अब्ज.

इथे बाबांना फक्त २२.४ टक्केच का मिळाले या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्यांनी १ सप्टेंबर १९९२ नंतर इक्विटेबलकडूनच नफ्यात वाटा असलेलं पेन्शन घेतलं होतं, अशा सुमारे ३७ हजार लोकांना पूर्ण नुकसानभरपाई द्यायचं ठरलं, कारण त्यांना दुसरीकडे जायची सोयच नव्हती. त्यासाठी ६२ कोटी पौंड गेले. थोडी रक्कम राखून ठेवली. राहिलेले साडेसत्याहत्तर कोटी बाकीच्या सगळ्यांत वाटायचे, तर प्रत्येकाच्या नुकसानीच्या २२.४ टक्के येतात. म्हणजे हा आकडा आधी ठरवून काढलेला नाही, ठरलेल्या पिशवीतून भागाकार करून आला आहे. बाबांच्या २०१२ च्या भरपाईच्या पत्रकात ‘सापेक्ष नुकसान’ म्हणून जी रक्कम लिहिली आहे ती शोधा. ती १०,००० पौंड असेल तर त्यांना २,२४० मिळाले. उरलेले ७,७६० सरकारने नाकारलेले नाहीत, नुकसान म्हणून मानले आहेत आणि परवडत नाही म्हणून दिलेले नाहीत. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि खासदाराला लिहायचं तुमचं पत्र (त्याविषयी पुढे) या फरकावर उभं राहायला हवं.

आता भावाच्या कोर्टाबद्दल. इथे मी आईच्या बाजूने आहे. सरकारी निर्णयाला आव्हान द्यायचं तर लगेच आणि फार तर तीन महिन्यांत जावं लागतं. हा निर्णय २०१० चा. वित्तीय नियामकाला ब्रिटिश कायद्यानेच संरक्षण आहे, नुसता निष्काळजीपणा दाखवून त्याच्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही. दिलेली रक्कम २०१० मध्ये संसदेने केलेल्या कायद्याच्या अधिकारात दिलेली आहे. कंपनीवर दावा करावा तर तिचा राहिलेला धंदा १ जानेवारी २०२० पासून अटमोस्ट या कंपनीकडे गेला, आणि मुदती केव्हाच उलटल्या. आणखी एक गोष्ट भावाला सांगा. खुद्द इक्विटेबलच्या नव्या संचालक मंडळाने आपले जुने हिशेब तपासनीस आणि पंधरा माजी संचालक यांच्यावर अब्जावधी पौंडांचे दावे लावले होते. २००५ मध्ये ते सोडून द्यावे लागले, आणि त्यात सभासदांचाच पैसा वकिलांवर खर्च झाला. जे काम सोसायटीच्या ताकदीने झालं नाही ते एका कुटुंबाच्या खिशातून होणार नाही. वकिलाने पहिल्या भेटीत यातलं काही सांगितलं नसेल तर दुसऱ्या भेटीचे पैसे देऊ नका.

भाऊ कदाचित म्हणेल, विमा कंपनी बुडाली तर ब्रिटनमध्येही संरक्षण निधी आहे, त्यातून का नाही? कारण इक्विटेबल कायद्याच्या भाषेत बुडालीच नाही. तिने करारात लिहिलेली हमी पाळली. कापले ते हमी नसलेले, पण लोकांनी धरून चाललेले बोनस. आपल्या घरांत विमा म्हणजे एलआयसी, आणि एलआयसीच्या पॉलिसीतल्या रकमेमागे १९५६ च्या कायद्याचं कलम ३७ आहे, केंद्र सरकारची हमी. तिथे तशी हमी नव्हती. पेन्शनसाठी ब्रिटनमध्ये पैसे गुंतवलेली कितीतरी आपली मंडळी हा फरक लक्षात न घेता बोलतात.

मग उरतं काय? राजकारण. जो दीड अब्ज आला तो राजकारणातून आला, आणि त्यानंतरही ‘हे अखेरचं’ म्हणून झालेले निर्णय बदललेत. १ सप्टेंबर १९९२ च्या आधी पेन्शन सुरू झालेल्या वृद्धांना योजनेतून पूर्ण वगळलं होतं. ओरड झाली, आणि २०१३ च्या अर्थसंकल्पात त्यांना पाच हजार पौंड जाहीर झाले, अगदी गरीब असलेल्यांना आणखी पाच हजार. २०१५ मध्ये पेन्शन क्रेडिटवर (गरीब वृद्धांच्या सरकारी भत्त्यावर) जगणाऱ्यांची भरपाई दुप्पट केली. यातलं काही बाबांना लागू नाही. पण ट्रेझरी जेव्हा म्हणते की विषय बंद झाला, तेव्हा तो तिने स्वतःच दोनदा उघडलेला असतो, एवढं लक्षात ठेवा.

तुमचं हत्यार म्हणजे खासदार. तुमचा लेस्टरचा, आणि कदाचित बाबांचाही. बाबांकडे ब्रिटिश नागरिकत्व असेल तर त्यांना पुण्यात राहूनही तिथे मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. पूर्वी देश सोडून पंधरा वर्षं झाली की हा हक्क जायचा. १६ जानेवारी २०२४ पासून ती मर्यादा गेली. ते शेवटचे जिथे मतदार होते त्या मतदारसंघात नाव लागतं. परत येताना नागरिकत्वाचं काय केलं हे त्यांच्या पासपोर्टवरून कळेल. बाबांना हे सांगाल तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल असं मला उगाच वाटतंय. तुमचं म्हणाल तर तुमचा पासपोर्ट भारतीय असला तरी तिथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत असतं, त्यामुळे खासदार तुमचा आहेच.

खासदाराला लिहायचं पत्र एका पानाचं असू द्या. १७६२ पासून सुरुवात करू नका, बाबांनी सांगितलं तरी. खासदाराच्या कचेरीत पत्रं वाचणारी माणसं तरुण असतात, त्यांच्यातल्या काहींचा जन्म इक्विटेबल बंद झाल्यानंतरचा असेल. पहिल्याच वाक्यात लिहा की माझ्या वडिलांचं सरकारने मान्य केलेलं नुकसान इतकं, दिले इतके, राहिले इतके. दुसऱ्या परिच्छेदात ओम्बड्समनचे दहा निष्कर्ष आणि २००९ ची माफी, दोन ओळींत. मग मागणी. ‘न्याय द्या’ असं मोघम लिहिलंत तर मोघमच उत्तर येईल. असं विचारा : ट्रेझरीला ४.३ अब्जांचा आकडा आजही मान्य आहे का? मान्य असेल तर उरलेले २.८ अब्ज न देण्याचं कारण आजही २०१० च्या तिजोरीचीच अवस्था आहे का? एकरकमी जमत नसेल तर वृद्धांपासून सुरुवात करून हप्त्यांनी देण्याचा विचार कधी झाला का, आणि झाला असेल तर तो का सोडला? हे प्रश्न मंत्र्यांपर्यंत पोचवावेत आणि उत्तर मंत्र्यांच्या सहीने मिळावं, अशी विनंती खासदाराला करा. खासदाराच्या पत्राला मंत्र्याकडून उत्तर येतं, तुमच्या पत्राला आलं तर एखाद्या कारकुनाकडून येईल.

सोबत २०१२ च्या पत्रकाची प्रत जोडा. मूळ कागद बाबांच्या फाइलमधून हलवू नका. इक्विटेबलग्रस्तांसाठी संसदेत खासदारांचा सर्वपक्षीय गट अनेक वर्षं काम करत होता, हॅरो ईस्टचे बॉब ब्लॅकमन त्याचे पुढारी होते. (२०२० मध्ये आपल्या सरकारने पद्मश्री दिली ते हेच.) ते तुमचे खासदार नाहीत आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्याच्या मतदाराचं प्रकरण ते हाती घेणार नाहीत, पण तुमच्या खासदाराला ‘या विषयावर सहकाऱ्यांशी बोला’ एवढं नक्की सुचवता येईल.

ओम्बड्समनकडे पुन्हा जायचं का, हे बहुतेक बाबा विचारतील. तिथेही खासदारामार्फतच जावं लागतं आणि गोष्ट कळल्यापासून वर्षाच्या आत. शिवाय त्या कचेरीने जे सांगायचं ते सांगून झालं आहे. तिचा अधिकार शिफारस करण्यापुरता. पैसे सोडायचे की नाही हे संसद आणि ट्रेझरी ठरवते. युरोपीय संसदेनेही चौकशी समिती नेमली होती, २००७ मध्ये तिनेही सरकारवर ठपका ठेवला आणि भरपाई द्या म्हणून सांगितलं. बंधन तिचंही नव्हतं.

आता खरं बोलायचं तर मंत्र्यांचं उत्तर काय येईल याचा मला साधारण अंदाज आहे. सभासदांबद्दल सहानुभूती आहे, दीड अब्ज देण्यात आले, योजना बंद झाली आहे, आणखी निधी देण्याचा विचार नाही. हे बाबांना आधीच सांगून ठेवा. पत्र पाठवल्याने पैसे येतील या आशेवर त्यांना बसवू नका, ते त्या फोनवाल्यासारखंच होईल. पण ८४ वर्षांच्या माणसाला आपलं प्रकरण त्याच्या नावानिशी मंत्र्याच्या टेबलावर गेलं आणि त्याला कुणीतरी सहीनिशी उत्तर दिलं, याची किंमत असू शकते. शिवाय अशी पत्रं जितक्या मतदारसंघांतून जातात तितका हा विषय जिवंत राहतो, २०१० मध्येही तो असाच जिवंत राहिला होता. आईला हे पटेल की नाही मला माहीत नाही. ‘आता पुरे’ म्हणताना त्यांना फाइल नको आहे की बाबांची झोप उडालेली नको आहे, हे एकदा त्यांनाच विचारा. झोपेचा प्रश्न असेल तर फाइलचं काम बाबांकडून तुमच्याकडे घेतलं की निम्मं सुटेल.

एक काम मात्र लगेच करा. खासदाराच्या कचेरीला तुमच्याशी बाबांच्या प्रकरणावर बोलण्यासाठी त्यांची लेखी परवानगी लागेल. साध्या कागदावर इंग्रजीत दोन ओळी, बाबांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पुण्याचा पत्ता, इक्विटेबलचा पॉलिसी क्रमांक, सही, तारीख. स्कॅन करून ईमेलने चालते का हे कचेरीला आधी फोन करून विचारा, बहुतेक चालते. पॉलिसी क्रमांक २०१२ च्या पत्रकावर वरच्या बाजूला असायला हवा.